आजीचा डबा अजून ओट्यावरच आहे

मावशी, सलाम.

मी सव्वीस वर्षांची आहे. मोहननगरला राहते, मिहानमधल्या एका कंपनीत काम करते. एप्रिलच्या शेवटी आमच्या चर्चच्या तरुण संघातले आम्ही चौदा जण मेळघाटातल्या एका कोरकू गावात सहा दिवसांच्या मिशन ट्रिपला गेलो होतो. शाळेच्या भिंती रंगवल्या, मुलांची बायबल शाळा घेतली, गोष्टीनंतर साबण-वह्या वाटल्या. सकाळी मनन, रात्री गाणी. शेवटच्या रात्री सगळे रडलो. देव मला इथंच बोलावतोय, असं मला अगदी आतून वाटलं.

येऊन तीन आठवडे झाले. प्रार्थनेला बसलं की कोरडं वाटतं. आई म्हणते, ‘तिकडे भिंती रंगवून आली, इथं स्वतःचा कप उचलत नाही.’ पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्म्याच्या सणाच्या रविवारी मला चर्चमध्ये साक्ष द्यायची आहे, म्हणजे आपला अनुभव सगळ्यांपुढे सांगायचा आहे. पाळकसाहेब म्हणाले, ‘पाच मिनिटं, उत्साहानं बोल.’ पण माझ्या डोक्यात भलत्याच गोष्टी फिरताहेत. शाळेचे गुरुजी सहज बोलून गेले, की या भिंती मागच्या वर्षीही एका गटानं रंगवल्या होत्या. तिसऱ्या दिवशी गावातल्या दोन मुलांनी विचारलं, ‘तुम्ही धर्मांतर करायला आलात का?’ आमचा सेक्रेटरी पटकन म्हणाला, ‘नाही नाही, आम्ही एनजीओवाले आहोत.’ मी गप्प बसले. त्याच दिवशी आमचे पाण्याचे जार संपले. ज्या आजीच्या घरी आम्ही मुली राहत होतो तिनं दोन हंडे आणून ठेवले. मी त्या पाण्यानं केस धुतले. संध्याकाळी तिच्या नातीकडून कळलं, की आजी पहाटे अंधारात झिऱ्यावर जाऊन बसली होती. आजी एका शब्दानं बोलली नाही. तिच्या तोंडात एकही दात नाही, पण हसते फार छान.

चर्चच्या व्हिडिओत तिच्या नातवाचा उघड्या अंगाचा, नाक वाहणारा फोटो आहे. तो मीच काढलाय. मावशी, नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत जाऊ का? की आम्ही देवाच्या नावाखाली नुसती सहल करून आलो?

ता. क. निघताना आजीनं स्टीलच्या डब्यात कुटकी, ते वरीसारखं बारीक धान्य, भरून दिली. शिजवता येत नाही म्हणून डबा तसाच ओट्यावर आहे.

— मोहननगरची एक मुलगी, नागपूर

*

सलाम, बेटा.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना भिंतींपाशी अडले. दुसऱ्यांदा ता. क. पर्यंत आले आणि चष्मा काढून थोडा वेळ बसून राहिले. तू विचारलेल्या दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी तो डबाच आहे असं मला वाटतं. त्याच्याकडे शेवटी येते.

पाचारण की सहल, असे दोनच पर्याय तू स्वतःपुढे ठेवलेस. या दोन्हींच्या आधी एक साधी गोष्ट घडून गेली आणि तिच्याकडे तुमच्यापैकी कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. तुम्ही त्या गावात पाहुणे होतात. एका गरीब बाईनं तुम्हाला छप्पर दिलं, पाणी दिलं, निघताना शिदोरी दिली. तुमच्या वेळापत्रकात सकाळचं मनन होतं, भिंती होत्या, बायबल शाळा होती. पाहुणचाराला मात्र कुठं रकानाच नव्हता.

लूककृत शुभवर्तमानाचा दहावा अध्याय काढ. मिशन ट्रिपला निघताना सगळेच गट तो वाचतात, तुम्हीही वाचला असेल. प्रभू सत्तर जणांना दोघादोघांनी गावोगावी पाठवतो. आपण त्यातलं ‘पीक फार आहे, पण कामकरी थोडे’ एवढं उचलतो आणि गाडीत बसतो. पुढची वचनं सावकाश वाच. थैली घेऊ नका, झोळी घेऊ नका, वहाणा घेऊ नका. ज्या घरात जाल तिथं आधी शांती म्हणा. त्याच घरात राहा. ते वाढतील ते खा, देतील ते प्या. घरं बदलत फिरू नका. आता विचार कर, झोळी नाही, पैसा नाही, पायात वहाणा नाहीत अशी माणसं दुसऱ्याच्या दारात कशी उभी राहतील? हात पसरून. परक्याच्या भाकरीवर पोट असलेला माणूस त्या घरात मिजास करू शकत नाही. प्रभूनं आपल्या माणसांना मुद्दाम रिकाम्या हातानं पाठवलं, ते यासाठीच असं मी मानते.

तुम्ही दोन गाड्या भरून गेलात. पाण्याचे जार, खाण्याची खोकी, रंगाचे डबे, साबण, वह्या, स्पीकर. त्यात वाईट काही नाही, चौदा जणांचा भार एका लहान गावावर टाकू नये हे खरंच. पण तिसऱ्या दिवशी तुमचे जार संपले आणि एका म्हातारीच्या पाण्यावर तुमची तहान आली. लूकनं सांगितलेलं पाठवणं तुमच्या बाबतीत खरं तर त्या दिवशी सुरू झालं.

आता त्या पाण्याबद्दल बोलते, कारण तुझं मन तिथंच अडकलंय आणि ते योग्य ठिकाणी अडकलंय. झिरा तू पाहिला नसशील. मी पाहिलाय. नदी आटली की तिच्या वाळूत हातभर, कधी कमरेइतका खड्डा करतात. तळाला ओल येते, मग वाटीभर गढूळ पाणी साचतं. ते काढून टाकायचं आणि निवळ पाण्याची वाट बघत बसायचं. मग वाटीवाटीनं हंड्यात भरायचं. तळाची वाळू ढवळली की पुन्हा थांबायचं. मागे बायका बसलेल्या असतात, म्हणून नंबर लागावा यासाठी अंधारात निघायचं. त्यानंतर दगडधोंड्यांतून चढण चढून घर. दोन हंड्यांत आजीची अख्खी सकाळ गेली असणार.

तुला दाविदाची एक गोष्ट ठाऊक असेल, शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात तेविसाव्या अध्यायात आहे. दावीद गडावर अडकलेला, बेथलेहेम पलिष्ट्यांच्या हातात. त्याला आपल्या गावच्या वेशीजवळच्या विहिरीची आठवण येते आणि तो बोलून जातो, तिथलं पाणी कुणी मला पाजेल का? त्याचे तीन वीर शत्रूच्या छावणीतून घुसून ते पाणी घेऊन येतात. दावीद ते पीत नाही. परमेश्वरापुढे ओततो. जिवावर उदार होऊन गेलेल्या माणसांचं हे रक्तच आहे, मी ते कसं पिऊ, म्हणतो. लहानपणी शब्बाथ शाळेत ही गोष्ट ऐकली तेव्हा मला दाविदाचा राग यायचा. एवढ्या कष्टानं आणलेलं पाणी सांडलं कसं? नंतर कळत गेलं, की त्या पाण्याची किंमत पाहून त्याला ते स्वतःच्या तहानेसाठी वापरवेना. त्याला ती किंमत पिण्याआधी कळली. तुला केस वाळल्यावर कळली. एवढाच फरक आहे आणि हा फरक भरून काढता येतो.

म्हणून साक्षीचं विचारलंस तर माझं सरळ उत्तर असं, की पाच मिनिटांत या पाण्याबद्दल बोल. भिंतींचा उल्लेख एका वाक्यात कर, गुरुजी काय म्हणाले तेही सांग. मग आजीबद्दल सांग. तिचं नाव, गावाचं नाव सांगू नकोस, पण दोन हंडे आणि तुझे केस सांग. मंडळीत शांतता पसरेल, तिला घाबरू नकोस. पाळकसाहेबांना आधी भेट आणि काय बोलणार आहेस ते सांगून ठेव, रविवारी एकदम त्यांच्यापुढे टाकू नकोस. ‘उत्साहानं बोल’ म्हणणारे पाळक खऱ्या साक्षीला अडवतील असं मला वाटत नाही. बहुतेकदा त्यांनाही तेच हवं असतं, फक्त तसं कुणी आणून देत नाही.

मी हे उपदेश म्हणून लिहीत नाही, माझ्या स्वतःच्या अंगावर हे आलेलं आहे. मी नर्स. तरुणपणी एका मिशन दवाखान्यात होते, तिथून आम्ही आदिवासी पट्ट्यात तीन दिवसांच्या कॅम्पला जायचो. एका गावात एक बाई आली, पन्नाशीची असेल. डोकं दुखतं, गरगरतं म्हणाली. रक्तदाब मोजला, खूप जास्त होता. डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या, मी सात दिवसांच्या मोजून दिल्या आणि तिच्यासाठी प्रार्थना केली. तीही डोळे मिटून उभी राहिली. रजिस्टरमध्ये तिची नोंद झाली, तिचा आकडा आमच्या अहवालात गेला. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा त्याच गावात गेलो. ती आली ती एका हातानं काठी धरून, तोंड एका बाजूला झुकलेलं. दुसऱ्या हाताच्या मुठीत गोळ्यांची रिकामी पट्टी होती, वर्षभर जपलेली. ती तिनं माझ्यापुढे धरली आणि विचारलं, ‘बाई, तुम्ही पुढच्या गोळ्या आणल्या काय?’ रक्तदाबाची गोळी रोज घ्यावी लागते, जन्मभर घ्यावी लागते, हे मला नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. तरी सात गोळ्या देऊन मी समाधानानं गाडीत बसले होते. गावापासून सहा मैलांवर सरकारी दवाखाना होता, तिथल्या नर्सबाईंना एक चिठ्ठी लिहिली असती तरी पुरलं असतं. ती पट्टी मला अजून दिसते. त्यानंतर माझ्या नोकरीत मी एकही कॅम्प असा केला नाही, की ज्यात त्या गावच्या नर्सबाईला आणि सुईणीला आधी जाऊन भेटले नाही.

म्हणजे थोड्या दिवसांसाठी जाणं चूक असतं असं नाही. जाऊन काय बांधून घेता यावर सगळं अवलंबून असतं. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई आपल्याच या मध्य प्रांतात आल्या होत्या. काही आठवड्यांचाच तो प्रवास. पण उपाशी फिरणाऱ्या मुली आणि विधवांना त्या सोबत घेऊन केडगावला गेल्या, त्यांना शिकवलं, हाताला काम दिलं, आयुष्यभर त्यांची जबाबदारी वाहिली. स्वतः रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले होते, त्यामुळं भूक काय असते हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

थोडक्या भेटीचं दुसरं उदाहरणही नागपूरचंच आहे. १८९३ मध्ये कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेनं चालले होते. गाडीत एक युरोपियन गृहस्थ भेटला. दोघांचं मोकळेपणानं बोलणं झालं, त्यानं टिळकांच्या हातात नवा करार ठेवला आणि आपल्या वाटेनं निघून गेला. १० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आज आपण उपासनेत त्यांची भजनं म्हणतो. तो गृहस्थ कोण होता, हे टिळकांना कधीच कळलं नाही. एका प्रवासाइतकी ओळख, पण त्या प्रवासात तो माणूस टिळकांशी माणसासारखा बोलला. तुमच्या सहा दिवसांतून काय उगवेल ते तू आज मोजू नकोस. ते तुझं काम नाही.

आता ‘आम्ही एनजीओवाले आहोत’ या वाक्याकडे येते. इथं मी तुला सौम्य शब्दांत सोडणार नाही, कारण पत्रातली हीच गोष्ट मला सर्वांत जास्त लागली.

ते वाक्य खोटं होतं. सेक्रेटरी घाबरला असेल, चौदा जणांची जबाबदारी त्याच्यावर होती, गाव परकं होतं, आजकाल गोष्टी कशा पेटतात तेही आपण बघतो. त्याची भीती मी समजू शकते. तरी सकाळी प्रभूचं नाव घेऊन मुलांना गोष्ट सांगायची आणि दुपारी त्याच प्रभूला ओळखत नाही म्हणायचं, हे येशूला पकडल्यावर त्याचा शिष्य पेत्रानं अंगणात केलं तेच झालं. आणि त्या दोन पोरांनी विचारलं तर त्यात त्यांचं काय चुकलं? त्यांचं गाव आहे, परके लोक येऊन त्यांच्या लहान भावंडांना गोळा करताहेत. विचारायलाच हवं.

हा प्रश्न नागपूरच्या ख्रिस्ती माणसाला नवा नाही. नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, तेव्हा सरकारनं १९५४ मध्ये मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला एक समिती नेमली. अध्यक्ष होते नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी. १९५६ मध्ये अहवाल आला. आमिष दाखवून धर्मांतरं होतात, हा त्यातला मोठा आक्षेप. आमच्या वडीलधाऱ्यांना तो अहवाल फार लागला होता, अनेक निष्कर्ष त्यांना अन्यायाचे वाटले. मलाही वाटतात. पण अन्याय झाला म्हणून त्यातला प्रश्न आपण स्वतःला विचारायचाच नाही, असं होत नाही. मध्य प्रदेशानं १९६८ मध्ये कायदा केला, तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९७७ मध्ये कोर्टानं सांगितलं, की आपल्या धर्माची शिकवण सांगण्याचा हक्क घटनेच्या पंचविसाव्या कलमात आहे, पण त्यात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. आणि ज्या १९५६ मध्ये तो अहवाल आला, त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी लाखो माणसांसह इथं, आपल्या दीक्षाभूमीवर, बुद्धाचा धम्म स्वीकारला. उघड्या मैदानात, भर दिवसा, ताठ मानेनं. धर्म बदलणं हा माणसाच्या स्वतःच्या मनाचा निर्णय असतो आणि त्यात त्याचा मान असतो, हे नागपूरकराला कुणी बाहेरून येऊन शिकवायला नको.

तर त्या मुलांना उत्तर काय द्यायचं होतं? अगदी साधं. ‘भाऊ, आम्ही नागपूरच्या चर्चचे आहोत. येशूवर आमचा विश्वास आहे आणि कुणी विचारलं तर आम्ही त्याच्याबद्दल बोलतो. कुणाचा धर्म बदलायला आम्ही आलेलो नाही, आणि काही देऊन तर नाहीच नाही. तुम्हाला किंवा गावाला पटत नसेल तर सांगा, आम्ही मुलांचा कार्यक्रम बंद करतो.’ हे म्हणायला छातीत धडधडतं. पण हे खरं आहे आणि पहिल्याच दिवशी सरपंचांकडे जाऊन, ग्रामपंचायतीत बसून हे सांगितलं असतं तर तिसऱ्या दिवशी प्रश्न आलाच नसता.

आणि साबण-वह्यांचं मला खटकलंच. गोष्ट संपल्यावर वाटल्या, असं तू लिहिलंस. आठ वर्षांच्या पोराला विचार, तू गोष्टीसाठी बसलास की वहीसाठी? ते वहीसाठीच बसणार, त्यात त्याचा काही दोष नाही. ही गाठ तुम्ही बांधली. पुढच्या वेळी वह्या द्यायच्याच असतील तर गुरुजींच्या हाती द्या, शाळा उघडल्यावर ते वाटतील, त्यावर चर्चचा शिक्का नको. सुवार्तेला साबणाचा टेकू लागत नाही.

सेक्रेटरीला चारचौघांत बोलू नकोस. एखाद्या संध्याकाळी चहाला घेऊन बस आणि ‘मीही गप्प बसले’ इथून सुरुवात कर.

बाकीचं पटकन सांगते. फोटो आज काढायला लाव. सांगताना आढेवेढे नकोत, ‘मी त्याच्या आईला विचारलं नव्हतं’ एवढं पुरे. स्वतःच्या भाच्याचा असा फोटो तू चर्चच्या पडद्यावर लावला नसतास. आईच्या बोलण्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, कप उचल. कोरडेपणाला मी फार घाबरत नाही. मार्कच्या सहाव्या अध्यायात शिष्य फिरून परत येतात, काय काय केलं ते प्रभूला सांगतात, आणि तो त्यांना म्हणतो चला, एकान्तात या, थोडा विसावा घ्या. जेवायलाही सवड मिळाली नव्हती त्यांना. तू सोमवारी सकाळी लॉगिन केलंस. सहा दिवस चौदा जणांच्या गलक्यात होतीस, रोज रात्री गाणी, अश्रू. ते भरतं ओसरणारच. ओसरलं म्हणून देव निघून गेला असं होत नाही. रोज दहा मिनिटं बस, काही मागू नकोस, कोरडं वाटलं तर कोरडंच बस.

नोकरी आत्ता सोडू नकोस. शेवटच्या रात्रीच्या अश्रूंवर राजीनामा लिहू नये. तुला खरंच तिकडे बोलावणं असेल तर ते वर्षभर थांबेल. त्या वर्षात एक काम कर, कोरकू शीक. तुमची गाणी हिंदी-इंग्रजीत होती ना? मुलांनी हातवारे केले, टाळ्या वाजवल्या, तुम्हाला वाटलं समजलं. कोरकू भाषा मराठी-हिंदीच्या कुळातली नाहीच, संथाली-मुंडारीच्या कुळातली आहे, आणि त्या कुळातली सगळ्यांत पश्चिमेला बोलली जाणारी भाषा आपल्या मेळघाटात आहे. ज्या रविवारी तू साक्ष देणार आहेस, त्या पेन्टेकॉस्टला काय झालं होतं? यरुशलेमात जमलेल्या प्रत्येकाला आपापल्या जन्मभाषेत ऐकू आलं. सगळ्यांना एक भाषा शिकवली गेली असं तिथं लिहिलेलं नाही.

स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे तेच. अठरा वर्षं राहिले. शाळा काढल्या, खडकांचा, जीवाश्मांचा अभ्यास केला आणि गोंडांच्या कथागीतांची टिपणं ठेवली. १८६३ मध्ये टाकळघाटजवळची जुनी शिळावर्तुळं बघून परतताना ते नाल्याच्या पुरात बुडाले. त्यांची गोंडांविषयीची टिपणं १८६६ मध्ये छापून आली. त्या काळच्या मिशनऱ्यांच्या सगळ्या गोष्टी मला पटतात असं नाही. पण सांगायला आलेला माणूस आदिवासी गात असताना ते टिपून घेत बसला, हे चित्र मला फार आवडतं. तुझ्या वहीत आजीचे किती शब्द आहेत? एक जरी असला तरी तिथून सुरुवात कर.

आता डबा.

कुटकी शिजवायला अवघड नाही. आधी ताटात पसरून निवड, बारीक खडे असतात. दोन-तीन पाण्यांतून धू, अर्धा तास भिजत ठेव. एक वाटी कुटकीला अडीच वाट्या पाणी, मीठ, मंद आचेवर झाकण ठेवून भातासारखी शिजव. वर साधं वरण किंवा उडदाची डाळ. आईला सोबत घे, दोघी मिळून करा. निवडताना दाणा बोटांत धरून बघ, मोहरीपेक्षा जरासा मोठा. त्याचं टरफल उखळात कांडून काढावं लागतं, पाखडायचं, पुन्हा कांडायचं. त्या डब्यात आजीच्या हाताची किती दुपार आहे ते तुला तेव्हा कळेल. तरुण संघाच्या तेरा जणांनाही बोलव. प्रत्येकाच्या वाट्याला दोन घास आले तरी चालतील. त्या जेवणाआधीची प्रार्थना त्या सेक्रेटरीला करू दे.

आणि मग डबा घासून पुसून परत नेऊन दे. आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, हे तुझ्या आईनं तुला शिकवलंच असेल.

पाऊस लागायच्या आत जा. एकदा नाले वाहायला लागले की त्या भागातली वाट कधी बंद होईल सांगता येत नाही. गाड्या भरून नका जाऊ, दोघीच जा, लूकमध्ये आहे तसं. गणेशपेठहून अमरावती, तिथून परतवाडा, पुढं गावची एसटी. बॅनर नको, स्पीकर नको, टी-शर्ट नको. गेल्यावर सरपंचांना भेट, त्या दोन मुलांना शोध आणि त्या दिवशी खोटं बोललो, असं त्यांना सांग. ते हसतील किंवा चिडतील, दोन्ही ऐकून घे. रात्री आजीकडेच राहा, ती वाढेल ते खा. पहाटे ती उठली की तूही उठ, दुसरा हंडा तू घे. तिथं बसल्यावर केसांची गोष्ट सांगता आली तर सांग. भाषा आडवी आली तर नातीला सोबत ने.

डब्यात काय भरायचं ते मी विचार करून ठेवलंय. आजीला दात नाहीत, म्हणजे चिवडा-शेव चालणार नाही. संत्रा बर्फी घे, पण दुकानात बोटानं दाबून मऊ आहे ना ते बघ आणि निघायच्या दिवशीच घे. झाकणाखाली एक कागद लाव, एसटीत फार हादरे बसतात.

तुझी मावशी